ताणा न कापता

प्रताप नगर, नागपूर
२० फेब्रुवारी २०२५

प्रणाली पोट्टीले,

तुह्या आजीचा, म्हणजे तुळजाबाईचा, आशीर्वाद. तू मागितला नाही तरी पाठवून राहिली. ठेवून घे.

हात मीराबाईचा आहे, तोंड माझं. वरच्या माळ्यावरची मीराबाई, शाळेतून रिटायर झाली पण शाळा तिच्यातून रिटायर झाली नाही. म्हणते, "आजी, 'मले' नका सांगू, मी 'मला' लिहिते." मी म्हटलं, पत्र माझं आहे का तुह्या शाळेचं? जसं बोलते तसं लिही. तोंड वाकडं करून लिहून राहिली आहे. बघ, हेही लिहिलं तिनं.

घरात लिहिता सगळ्यायले येते. पण तुह्या बापाकडून लिहून घेतलं त पत्र चंदनचं होते. तो माझं अर्धं बोलणं गिळून टाकतो आन् खाली 'बाकी सर्व ठीक' लिहितो. बाकी काय ठीक आहे ते मले माहीत आहे.

माझे कान आता पुरते गेले. समोर बसून कोणी हळू बोललं त ओठ पाहून समजते, पण फोन लावला त आत गिरणी चालल्यासारखी वाटते. म्हणून रविवारी तू फोनात तोंड दाखवते, मी पाहते, तू हात हलवते, मी हात हलवते, झालं आपलं बोलणं. तर दोन रविवार झाले, तोंड नाही. तुहा बाप म्हणते काम लय आहे. तुही माय म्हणते तिकडे नेटवर्क नाही. दोघं एकच बोलले असते त मी ऐकून घेतलं असतं.

कामाचं काय आहे ते सांग. मी सगळ्यायले सांगते, माझी नात पुण्यात बसून नागपुरातल्या दवाखान्याचे कम्प्युटर सांभाळते. लोक विचारते, "इतक्या लांबून कसं?" मी म्हणते, "तिचे हात लांब आहेत." पुढचं मले येत नाही. दिवाळीत टीव्हीची डबी अटकली होती तवा तू पिन काढली, पुन्हा लावली, चालू झाली. तेच करते का तिथंही?

पत्रानं उत्तर दे. हातानं लिही. मले वाचता येत नाही, पण मले पाहता येते.

तुही आजी

*

पुणे
२७ फेब्रुवारी २०२५

प्रिय आजी,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. मीराकाकूंचं अक्षर अजून फळ्यावरच्यासारखंच आहे.

मी बरी आहे. कामातून थोडे दिवस सुट्टी घेतली आहे, खूप दिवसांची साठली होती. खोलीतल्या मैत्रिणी, काजल आणि मेघा, कोकणात फिरायला गेल्यात, मी गेले नाही, झोप काढते आहे. जेवण वेळेवर करते. रविवारी फोन करायचा राहून गेला, एवढंच. तू काळजी करू नकोस. उन्हाळ्यात येईन तेव्हा तुला पुण्याची भाकरवडी आणीन, दात नसले तरी भिजवून खाशील.

तुझी,
प्रणाली

मीराकाकू, यापुढचं आजीला वाचून दाखवू नका. मी सुट्टीवर नाही, मला घरी बसवलंय. माझ्या हातून कामात चूक झाली आणि दवाखान्यातला एक माणूस गेला. बाबांना थोडं माहीत आहे. आजीला एवढंच सांगा की मी मजेत आहे.

*

प्रताप नगर
६ मार्च २०२५

प्रणाली,

मीराबाईनं तुहं पत्र वाचलं. भाकरवडीपर्यंत वाचलं आन् घडी घालू लागली. मी म्हटलं, थांब वं. कागद अजून खाली भरला आहे आन् तुहा आवाज संपला? म्हणते, "खाली पत्ता आहे." मी कागद हातात घेतला. पत्ता कोणी कागदाच्या पोटात सहा ओळी लिहिते काय? आन् वरच्या ओळीवर बोट फिरवलं त कागद गुळगुळीत. खालच्या ओळी पाठीमागून उमटल्या होत्या. पेन इतका दाबून लिहिलेलं खोटं नसते.

चाळीस वर्षं मी हातमागावर दोरे चाचपले आहेत, पोट्टी. तुटलेला दोरा डोळ्यांच्या आधी बोटाले समजते.

मीराबाईले मी चहा दिला नाही जोपर्यंत तिनं वाचलं नाही. तिच्यावर रागावू नको. शिक्षिका आहे, खोटं बोलायची सवय नाही, कान लाल झाले होते.

मजेत आहे म्हणून सांगा म्हणते. मी म्हातारी झाली, मेली नाही. तुह्या आजोबायले दमा होता तवा रात्रभर कोण बसत होतं? तुही माय बाळंत झाली तवा तुह्या नाळेले कोणी हात लावला? आन् आता मले भाकरवडी दाखवते.

काय झालं ते सगळं लिही. मले समजन असं लिही. कोण माणूस होता तेही लिही. 'एक माणूस' नसते कोणी.

आजी

*

पुणे
१३ मार्च २०२५

आजी,

सगळं लिहिते. मीराकाकू, सगळं वाचा.

दवाखान्यात एक वॉर्ड आहे, तिथं हृदयाच्या पेशंटच्या छातीवर तारा लावून एक छोटी डबी बांधतात. ती डबी पेशंटजवळ वाजत नाही. ती बातमी पाठवते एका कम्प्युटरला, आणि तो नर्सच्या टेबलावर दाखवतो आणि वाजवतो. तो कम्प्युटर मी पुण्याहून सांभाळायची.

त्या कम्प्युटरमधल्या कामाच्या प्रोग्रामला एक फाइल असते, त्यात लिहिलेलं असतं की कोणत्या खाटेची डबी कोणती, कधी वाजायचं. प्रोग्राम ती फाइल सुरू होतानाच एकदा वाचतो. मग आपण फाइल बदलली तरी तो जुन्याच वाचलेल्यावर चालत राहतो. नवं त्याच्या डोक्यात घालायचे दोन रस्ते आहेत. एक, आधी फाइलमध्ये चूक नाही ना तपासायचं आणि मग चालू प्रोग्रामलाच इशारा द्यायचा की तुझी फाइल पुन्हा वाच. तो काम न थांबवता वाचतो. दुसरा, सगळा कम्प्युटरच बंद करून चालू करायचा.

९ फेब्रुवारीला, रविवारी, दोन नव्या खाटा घालायच्या होत्या. दोन ओळी. मला पहिला रस्ता येत होता, आजी. हे मला सगळ्यात जास्त छळतं. येत होता. पण आमच्याकडे सगळे बंद करून चालूच करतात. दीड मिनिट लागतं, आणि मग मनात शंका राहत नाही. मी चार वाजून बारा मिनिटांनी तो बंद केला.

बाकीचे अधूनमधून बंद होतात, पण हा वर्षभराहून जास्त काळ अखंड चालू होता. उठताना आपली सगळी डिस्क तपासत बसला. एकोणीस मिनिटं. नर्सचा फोन आला, "पडदा काळा आहे, आम्ही काय करू?" मी म्हटलं, दोन मिनिटांत येतंय. पुन्हा आला. मी पुन्हा म्हटलं, दोन मिनिटं. तीनदा म्हटलं. मी 'खाटांवर जाऊन बघा' म्हटलं असतं तर त्या गेल्या असत्या. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

चार एकतीसला पडदा उजळला आणि लगेच वाजायला लागला. नऊ नंबरची खाट. चंपतराव नाव, कन्हानचे, कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेले. नाव मला कळायला नको होतं, पण माझ्यासमोरच्या यादीत होतं.

डॉक्टर म्हणतात, वेळेवर कळलं असतं तरी वाचले असते असं सांगता येत नाही. नसते असंही सांगता येत नाही.

आता चौकशी आहे. आमचे साहेब म्हणतात, "लिहून दे की विजेच्या झटक्यानं मशीन आपोआप बंद पडलं. दवाखान्यालाही तेच बरं. तू पंचवीस वर्षांची आहेस, सगळं आयुष्य पडलंय." महिनाअखेर लिहून द्यायचं आहे. कागद समोर आहे. मी रोज त्याच्याकडे बघते.

प्रणाली

*

प्रताप नगर
२२ मार्च २०२५

प्रणाली,

तुहं पत्र मीराबाईनं दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मी सांगितलं म्हणून नाही, ती स्वतःच वाचू लागली.

तुही फाइल मले समजली. मीराबाईले नाही समजली, मीच तिले समजावली. उमरेडले आमच्या घरी माग होता. मागावर ताणा चढवला म्हणजे सत्तर-ऐंशी हात लांब उभे दोरे, हजारानं. साड्या विणून राहिलो आन् व्यापारी म्हणाला, "किनार हिरवी नको, लाल पाहिजे", त ताणा कापत नाही. फक्त किनारीचे दोरे घ्यायचे, एकेका हिरव्या दोऱ्याच्या शेवटाले लाल दोरा पिळून जोडायचा, आन् हळूच पुढं ओढायचा. मधलं अंग जसंच्या तसं. वेळ लागते, मान मोडते, पण माग थांबत नाही. हेच ना तुहं, 'पुन्हा वाच'?

आता दुसरं ऐक. मी कन्हानले जाऊन आली.

चंदनले सांगितलं देवळात जाते. मीराबाईले सोबत घेतलं, पाट्या वाचाले. बसमध्ये ती म्हणे, "आजी, आपण तिथं काय म्हणणार?" मी म्हटलं, तू काही म्हणू नको, तुहे कान लाल होते. खाणीच्या वसाहतीत विचारत विचारत गेलो. चंपतरावची बायको, इंदूबाई. माझ्याहून दहा वर्षांनी लहान असन. मी सांगितलं की माझा माणूस त्याच वॉर्डात होता, म्हणून भेटाले आली. खोटं सांगितलं. तुहे आजोबा जाऊन अकरा वर्षं झाले, त्यायले मी पुन्हा खाटेवर निजवलं.

मले ऐकू येत नाही हे तिले समजलं त ती माझ्या तोंडासमोर येऊन बसली, हळू बोलू लागली. तिचे ओठ मी वाचले, राहिलं ते मीराबाईनं कागदावर लिहून घेतलं, नंतर सांगितलं. बाई म्हणते, "मावशी, मीच मारलं त्यायले."

मी म्हटलं, काहून वं असं बोलते?

म्हणते, "दिवसभर मी जवळ बसून होती. चहाची तलफ आली. वॉर्डाच्या दारावर चौकीदार वहीत टाइम लिहून घेते, चार वाजून चोवीस मिनिटं. परत आली त खाटेभोवती पडदे लावले होते. डॉक्टर म्हणाले चार एकतीसले गेले. सात मिनिटं, मावशी. मी सात मिनिटं बसली असती त आवाज दिला असता. माणूस एकटा गेला माझा. मी खाली बशीत चहा ओतून राहिली होती."

तिची पोरगी पायल म्हणते, माय तवापासून चहा पीत नाही. तिले कोणी सांगितलं नाही की मशीन बंद होती. कोणी तिले दोष दिला नाही. दोषाची जागा रिकामी होती, तिनं स्वतःले त्यात ठेवलं.

आता तिसरं. हे लिहायच्या आधी मी मीराबाईले म्हटलं, उद्या लिहू. दोन दिवस 'उद्या' म्हटलं. ज्याले लिहिता येते त्याचं बरं असते, दार लावून एकट्यानं लिहिते. मले कागदावर कबूल कराचं त आधी एका माणसाच्या तोंडाकडे पाहून बोला लागते. ती समोर बसली आहे, चष्मा पुसून राहिली आहे. लिही वं मीरा.

मी एकोणीस वर्षांची होती. किनार बदलायची होती. मामाजी, म्हणजे माझे सासरे, बाजाराले गेले होते. सांगून गेले, फक्त किनारीचे दोरे जोडजो. मले येत होतं. जाऊबाई माहेरी निघाली होती, मले तिच्यासोबत जायचं होतं. मी विचार केला, कायले एकेक दोरा पिळा, सगळा ताणाच काढून नवा चढवू. कैची घातली. नवा ताणा चढवता चढवता गुंता झाला आन् दोन्ही वाया गेले. मामाजी आले तवा मी म्हटलं, उंदरायनं कुरतडलं.

त्या खोलीत तुह्या आजोबायची विधवा काकी निजत होती. दार लावायचं काम तिचं. मामाजी तिले एक शब्द बोलले नाही. पण दुसऱ्या दिवशी तिच्यापुढचा चरखा उचलून दुसऱ्याले दिला. ती दोरा गुंडाळून कांड्या भरत होती, सुतात तिच्यासारखा हात कोणाचा नव्हता. तवापासून सहा वर्षं ती भिंतीले पाठ लावून बसली, रिकाम्या हातानं. तिले स्वतःले वाटत होतं की दार तिनंच उघडं ठेवलं. मरताना मले म्हणाली, "तुळजे, मले खरंच आठवत नाही गं दार लावलं का नाही."

मी म्हटलं, राहू द्या काकी.

एवढंच म्हटलं.

साहेबाचा कागद तुह्यासमोर आहे. मी तुले काय लिही ते सांगत नाही. मी सांगाच्या लायक नाही. इंदूबाई काय बोलली ते तुले माहीत व्हायला पाहिजे, म्हणून लिहिलं.

आजी

*

पुणे
३० मार्च २०२५

आजी, मीराकाकू,

तुमचं पत्र परवा आलं. मी ते वाचता वाचता मध्येच थांबले, 'चार चोवीस'पाशी.

आजी, चार एकतीस ही ते गेल्याची वेळ नाही. ती माझा पडदा उजळल्याची वेळ आहे. मशीन बंद असताना छातीवरची डबी आपल्या पोटात नोंद ठेवत राहते आणि जोडणी झाली की पाठवते. ती नोंद मी त्याच संध्याकाळी पाहिली होती. त्यांचं हृदय चार वाजून सतरा मिनिटांनी थांबलं. कागदोपत्री एकतीस लागलं, कारण सतरा लिहिलं तर मशीन तेव्हा का बंद होतं हे विचारलं गेलं असतं. मी ती वेळ माझ्याजवळच ठेवली. मला वाटलं, या आकड्यानं फक्त माझंच नुकसान आहे.

त्या चार चोवीसला उठल्या. म्हणजे ते गेले तेव्हा त्या तिथंच होत्या.

काल मी कागद लिहून दिला. मशीन मी बंद केलं, तशी गरज नव्हती, मला दुसरा रस्ता येत होता, आणि नर्सना मी तीनदा दोन मिनिटं म्हणून सांगितलं. डबीची नोंद जोडली. इंदूबाईंना तिची प्रत मिळावी असंही लिहिलं. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "तुला कळतंय ना तू काय करते आहेस?" नोकरी बहुतेक जाईल. आणखीही काय काय होईल ते माहीत नाही. बाबांना मी फोन केला. ते एवढंच म्हणाले, "जेवली का?"

इंदूबाईंना मी वेगळं पत्र पाठवलं आहे. सगळं लिहिलं, माझ्या नावासकट. माफी मागितली आहे. पत्ता मीराकाकूंनी पाकिटावर लिहून पाठवला होता, आजी. तू सांगितलं नव्हतंस, हे मला माहीत आहे.

काकीचं वाचून मी तुझ्यावर रागावले नाही. रागवायला हवं का तेही कळत नाही. खूप वेळ तुझे हात डोळ्यांपुढे येत होते.

प्रणाली

*

प्रताप नगर
९ एप्रिल २०२५

प्रणाली,

पत्ता मीराबाईनं गुपचूप पाठवला, हे मले तुह्या पत्रातून समजलं. तिच्या हाताले आता स्वतःचं डोकं आलं आहे.

काल पुन्हा कन्हानले गेलो. या वेळी चंदननंच स्कूटरवर बसस्टॉपपर्यंत सोडलं. कुठं जाते विचारलं नाही.

तुहं पत्र आमच्या आधी पोचलं होतं. पायलनं मायले वाचून दाखवलं होतं. मी दारातच सांगितलं, मी त्या पोट्टीची आजी आहे, माझा माणूस त्या वॉर्डात कधीच नव्हता, मागच्या वेळी खोटं बोलली. इंदूबाईनं माझ्याकडे पाहिलं. बस म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही. मी उंबऱ्याच्या बाहेर बसली. ऊन तापलं होतं. थोड्या वेळानं पायलनं पाणी आणून दिलं.

मंग इंदूबाई बाहेर आली, समोर बसली. पायलले म्हणे, पुन्हा वाच. पायलनं सतरा मिनिटंवालं वाचलं. पुन्हा वाच म्हणे. तीनदा वाचून घेतलं.

मंग बोलली. मीराबाईनं जसं लिहून घेतलं तसं सांगते.

"तवा मी त्यायच्या पायाले तेल लावून राहिली होती. तोंड चालू होतं माझं. टिनाचं छप्पर कधी ठोकून घेता, पावसाळा येईपर्यंत निजून राहता का, असं. एरवी एका शब्दाले दोन शब्द बोलत. तवा बोलले नाही. मले वाटलं रागावले, तोंड फिरवून झोपले. मी चादर वर ओढली आन् मंग खाली गेली."

मंग म्हणते, "म्हणजे मी होती."

पायल रडू लागली. इंदूबाई रडली नाही. पुढं म्हणते, "मी होती आन् मले समजलं नाही. हेही आता मलेच ठेवा लागन." तिच्या हातात तुहा कागद होता, तो तिनं गुडघ्यावर ठेवून हातानं सरळ केला, पुन्हा केला.

मी तिले म्हटलं, पोट्टीनं माफी मागितली आहे. तिनं माझ्या तोंडासमोर येऊन हळू, एकेक शब्द सांगितला, मले समजावं म्हणून. "माफ केलं असं लिहू नका. मी केलं नाही. कधी करन ते माहीत नाही." म्हणून मी ते लिहीत नाही.

निघताना पायल आम्हाले रस्त्यापर्यंत सोडाले आली. मागून इंदूबाईनं हाक मारली. मले ऐकू आली नाही, मीराबाईनं थांबवलं. उंबऱ्यात उभी राहून म्हणे, "तिनं नर्सबाईले तीनदा दोन मिनिटं म्हटलं. तिले सांगा, मले कागदावर नाही पाहिजे. इथं येऊन, माझ्याकडे पाहून सांग. मले विचाराचं आहे त्या 'दोन मिनिटां'बद्दल. त्या एकोणीस मिनिटांत ती काय करून राहिली होती, ते विचाराचं आहे."

मी हो म्हटलं. तुले न विचारता म्हटलं.

वीस तारखेले रविवार आहे. गाडीचं तिकीट काढजो. स्टेशनवर तुहा बाप येईन. कन्हानच्या बसमध्ये मी तुह्या बाजूले बसन, वसाहतीच्या रस्त्यापर्यंत सोबत चालन. तिथं एक कडुनिंब आहे, त्याच्याखाली मी थांबन, तुले जितका वेळ लागन तितका.

पुढचं घर तिसरं आहे. दार तूच वाजवजो.

आजी